काजव्यांच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर अंधार राहू द्या

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांना रतनवाडीहून सविनय नमस्कार.

साहेब, आमचं गाव रतनगडाच्या पायथ्याशी आहे. मागे गड, पुढे भंडारदऱ्याचं पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमची घरं, भातखाचरं आणि अमृतेश्वराचं देऊळ. प्रवरा इथेच वर डोंगरात उगम पावते. १९२६ साली धरण पुरं झालं, तेव्हापासून तिच्या पाण्यावर खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहतो. त्याचा आम्हाला आनंदच आहे. आज मागणं आहे ते काजव्यांसाठी.

मेच्या मध्यापासून जूनचा पाऊस लागेपर्यंत इथली हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं रात्री उजळतात. एक झाड पेटतं, विझतं, की शेजारचं त्याच तालात पेटतं. लहानपणी आजीचं बोट धरून मी हे बघितलंय, आणि आजही अंगावर काटा येतो. काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर हाती उरतात थोडे दिवस. तेवढ्यात नराने लुकलुकायचं आणि खाली पानावर, गवतावर बसलेल्या मादीने त्याला उत्तर द्यायचं. गाडीचा हेडलाइट पडला की हा सगळा संवाद तुटतो. जोडी जुळली नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी झाड काळंच राहणार.

शनिवारी रात्री धरणाजवळच्या शेंडी गावापासून मुतखेल, कोलटेंभेमार्गे आमच्यापर्यंत गाड्यांची रांग लागते. दिवे चालू, गाणी चालू. झाडाखालच्या गवतात लोक मोबाइलची बॅटरी लावून शिरतात. गेल्या वर्षी एका मुलाने बाटलीत काजवे भरले होते. मी ती उघडायला लावली, तेव्हा त्याचे वडील माझ्यावर चिडले. पोराचा मला राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे १९८६ पासूनचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, म्हणून तुम्हाला लिहितोय. पर्यटक नकोत असं मी म्हणत नाही. भात आणि नाचणीवर आमचं वर्ष निघत नाही. पाहुण्यांना जेवू घालून आणि घरात मुक्काम देऊनच पोरांच्या शाळेचा खर्च भागतो. म्हणून तर ही झाडं उजळत राहायला हवीत.

काजव्यांच्या दिवसांत सूर्यास्तानंतर खासगी गाड्या शेंडीतच थांबवा. पुढे गावातल्या जीप चालू द्या, ठरलेल्या संख्येने. झाडांपाशी त्या दिवे विझवून उभ्या राहतील. प्रत्येक गटाबरोबर आमच्या महादेव कोळी, ठाकर पोरांपैकी एकजण वाटाड्या असावा, आणि लोकांना अडवण्याचा अधिकार त्याला लेखी मिळावा. आज तो नुसती विनंती करतो आणि शिव्या खातो.

हुकूम अक्षय तृतीयेच्या आत निघाला तर जीपवाल्यांना तयारी करता येईल. त्यानंतर राब भाजायची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायची घाई असते, आणि ती आटोपेपर्यंत काजवे आलेले असतात.

आपला,
रतनवाडीचा एक शेतकरी