तू विचारलंस, ‘मध्येच उठावं लागतं का?’

प्रिय घोरपड यास,

स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर तुला एकट्याला पाठवायचं होतं. पण खासगीत आभार मानले की तू ‘बरं बरं, त्यात काय’ म्हणून विषय बदलतोस, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून आता चारचौघांत मानतेय. बदल बघू विषय.

चारचौघांना आपली ओळख करून द्यायला हवी. साल २००१. टिळक रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी याहू मेसेंजरवर बसायचे आणि पलीकडे सोलापूरहून हा. नाव विचारलं तर म्हणाला, घोरपड. का, तर एकदा चिकटलो की सुटत नाही. खरं नाव मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं आणि ते इथं लिहिण्याचं कारण नाही. आम्ही आजतागायत भेटलेलो नाही. बोलणं एकाच विषयावर, कम्प्युटरवरचे रोल प्लेइंग गेम. म्हणजे ज्यात आपण कुणीतरी दुसरंच व्हायचं, चार-पाच सोबती जमवायचे, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं आणि कुणाला मदत करायची, कुणाला फसवायचं हे आपलं आपण ठरवायचं. नुसती बंदूकबाजी नाही. घोरपड त्यातला मुरलेला आणि मी लिंबूटिंबू. हा शब्द त्याचाच, आणि तो मला अजून तेच म्हणतो.

तेव्हा मी बुधवार पेठेतून ‘बाल्डर्स गेट’ आणला होता. पाच सीड्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बिलाचं नाव नाही. (पाप कबूल.) त्यातली एक ओरखडलेली निघाली. महिनाभर खपून मी बाल्डर्स गेट नावाच्या त्या शहराच्या पुलापर्यंत पोचले की गेम अडकायचा. सीडी कापडानं पुसून झाली, टूथपेस्ट लावून झाली, काही उपयोग नाही. ज्या शहराचं नाव गेमला दिलंय ते शहर मला दिसलंच नाही. मग नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, दरवर्षीचा मार्च एंड. मी तुला सांगितलंही नाही आणि गायब झाले.

आता अलीकडचं.

आईला विसरण्याचा आजार आहे. पहिल्या डॉक्टरांनी चार मिनिटांत ‘वयोमानानुसार’ म्हणून वाटेला लावलं होतं, त्यात आमचं एक वर्ष गेलं. ते जाऊ दे. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. आता संध्याकाळ झाली की ती पिशवी घेऊन दारात उभी राहते. ‘मला घरी सोड.’ घर म्हणजे नारायण पेठेतला वाडा. तो पाडून तिथं कधीच सहा मजले उभे राहिलेत. रात्री ती दोन-तीनदा उठते. मी दिवसा घरूनच लोकांची जीएसटीची कामं करते आणि पौड रस्त्यावरची शेवटची मेट्रो गेली की माझा म्हणून जो काही वेळ असतो तो सुरू होतो. तोही सलग नाही. दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं, कधी तीन.

त्या वेळात फोनवर बोट सरकवत बसलं की डोकं आणखी भणभणतं. एका रात्री तो पूल आठवला. म्हटलं, परत खेळावं का?

मग मी विचारायची चूक केली. लॅपटॉपच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मुलासाठी का?’ माझ्यासाठी म्हटल्यावर तो एकदा माझ्याकडं आणि एकदा माझ्या भाजीच्या पिशवीकडं बघून थेट लाखाच्या मशीनवर गेला. भाचा म्हणाला, ‘मावशी, बीजी थ्री घे, सगळे तोच खेळतात.’ म्हणजे बाल्डर्स गेटचा तिसरा भाग. त्याला दीडशे जीबी जागा लागते आणि माझ्या लॅपटॉपची सगळी मिळून अडीचशे, त्यात अर्ध्या जागेवर लोकांचे ताळेबंद. ओळखीतल्या एका जाणकारानं चाळीस गेमची यादी पाठवली, दुसऱ्यानं त्यातले बावीस कसे भिकार आहेत ते सांगितलं आणि मग ते दोघं आपापसात भांडत बसले. मी विचारलं होतं हे दोघंही विसरले. आणि चुलत बहीण. ‘या वयात गेम? त्यापेक्षा प्राणायाम कर.’ करते गं बाई, तोही करते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, ‘ग्राफिक्स कार्ड कुठलं?’

शेवटी तुझा जुना मेलचा पत्ता शोधून काढला आणि चार ओळी लिहिल्या. आई, लॅपटॉप, पूल आणि इतक्या वर्षांनी तोंड दाखवतेय त्याबद्दल सॉरी. तिसऱ्या दिवशी तुझं उत्तर आलं. ‘कुठं होतीस’ नाही, ‘आता आठवण झाली का’ नाही, कुठल्या गेमचं नावही नाही. एकच ओळ होती:

‘लिंबूटिंबू, खेळताना मध्येच उठावं लागतं का? लागत असेल तर किती पटकन?’

घोरपड, तुला कल्पना नाही मी ती ओळ किती वेळा वाचली. तीन वर्षांत लोकांनी मला फळं आणून दिली, ‘तू स्वतःची पण काळजी घे हं’ म्हणून पाठीवर हात ठेवला, आयुर्वेदिक काढ्यांचे फोटो पाठवले. पण माझी रात्र कशी जाते, तिचे तुकडे केवढाले असतात, हे कुणी विचारलं नव्हतं. तू गेमबद्दलच विचारत होतास, हे मला कळतं. तरी मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

मी लिहिलं, उठावं लागतं, आणि ताबडतोब, कारण ती गॅसपाशी जाते.

त्यावर तुझं ते लांबलचक पत्र आलं. नावं मोजून तीन. पहिलं माझंच, ‘बाल्डर्स गेट’. १९९८ चा तोच खेळ, २०१२ साली नव्या मशीनवर चालेल असा करून पुन्हा काढलेला. ‘तुझा लॅपटॉप हसत हसत चालवेल. स्पेसबार दाबला की जग जागच्या जागी थांबतं. वर उडवलेला बाणसुद्धा हवेत थांबतो. शत्रू दिसताक्षणी आपोआप थांबावं अशीही सोय सेटिंगमध्ये आहे, ती आधी चालू कर. लढाई सुरू असताना सेव्ह होत नाही, म्हणून लॅपटॉप चार्जरला लावून ठेव आणि खुशाल आईकडं जा.’ दुसरं ‘शॅडोरन ड्रॅगनफॉल’, २०१४ चा, बर्लिनमध्ये घडणारा. त्यातल्या कामगिऱ्या आटोपशीर आणि लढाई पाळीपाळीनं, बुद्धिबळासारखी. ‘तू चाल करेपर्यंत समोरचा हलत नाही. अर्धा तास लागू दे.’ तिसरं ‘डिव्हिनिटी ओरिजिनल सिन टू’. तो लॅपटॉप बदलशील तेव्हा, घाई नाही. बीजी थ्रीला तू नावं ठेवली नाहीस. म्हणालास, भाच्याचं बरोबर आहे, खेळ चांगलाच आहे, फक्त तो त्याच्या टेबलाला साजेसा आहे, तुझ्या नाही.

मी गेल्यापासून काय काय घडलं तेही तू मला घरातल्या बातम्या सांगाव्यात तसं सांगितलंस. २००३ मध्ये ब्लॅक आयल ही असे गेम काढणारी कंपनी बंद पडली आणि वरून बघत खेळायचे असले खेळ मेल्यात जमा झाले. मग २०१२ मध्ये लोकांनीच वर्गणी काढली, ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या तसल्याच नव्या गेमसाठी जवळपास ४० लाख डॉलर जमले आणि सगळं पुन्हा उभं राहिलं. गणपतीची वर्गणी म्हण, असं तू लिहिलं होतंस. मला बरं वाटलं. आपण जे सोडून गेलो ते आपल्यामागं मेलं नाही, कुणीतरी दिवा-बत्ती करत राहिलं.

आणि ते थॅको, समोरच्याच्या चिलखतावर आपला वार लागतो का याचं गणित! २००१ मध्ये मला ते कधीच कळलं नव्हतं, मी नुसतीच मान डोलवायचे. चिलखताचा आकडा कमी झाला तर चांगलं कसं? तू लिहिलंस, ‘मार्कांसारखं धरू नको, मेरिट लिस्टमधल्या नंबरासारखं धर.’ एका ओळीत काम झालं. हे त्या चाळीस नावांच्या जाणकाराला जमलं नसतं, कारण त्याला मला समजावायचंच नव्हतं, आपल्याला किती कळतं ते सांगायचं होतं. मदतीच्या नावाखाली बरेच जण हेच करतात. मीही क्लायंटपुढं करते, कलमांचे नंबर फेकते. तुझं पत्र आल्यापासून जरा कमी केलंय.

पैसे कसे भरले, उतरवून कसं घेतलं हे सांगत बसत नाही. झालं एकदाचं, भाच्यानं केलं. त्याचेही आभार.

पण हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते अजून राहिलंय.

तुझ्या यादीत ‘प्लेनस्केप टॉरमेंट’ नव्हता. २००१ मध्ये तू त्याच्याशिवाय दुसरं बोलत नव्हतास. मी मेसेंजरवर ‘जेवलास का’ विचारलं तरी टॉरमेंटवर यायचास. तेव्हा मी विचारलं, अरे, तो कसा विसरलास?

तू लिहिलंस: ‘विसरलो नाही. त्यातला नायक शवागारात जागा होतो आणि आपण कोण हे त्याला आठवत नाही. डिस्को एलिसियम नावाचा आणखी एक आहे, २०१९ चा. एरवी तुला पहिला तोच सांगितला असता, लढाईच नाही, आणि कुणाशी बोलल्याशिवाय किंवा काही वाचल्याशिवाय त्यातलं घड्याळ पुढं सरकत नाही. पण त्यातलाही बुवा सगळं विसरून हॉटेलच्या खोलीत उठतो. दोन्ही थोर आहेत. तू दिवसभर तेच बघतेस. रात्री परत कशाला? ते कुठं पळून जात नाहीत. हवे वाटतील तेव्हा सांग.’

टॉरमेंटच्या त्या नायकाच्या पाठीवर त्यानं स्वतःच स्वतःसाठी सूचना गोंदवून घेतलेल्या असतात, हे तूच मला तेव्हा रंगवून सांगितलं होतंस. आमच्या फ्रीजवर एक कागद आहे. आजार नुकता कळला होता, तेव्हा आईनं तो स्वतःच लिहिला. फळ्यावरच्या अक्षरात, खाली रेघ मारून. ‘हे घर आपलेच आहे. घाबरू नये. मुलगी आतल्या खोलीत आहे.’ तुझं पत्र वाचलं तेव्हा मी त्या फ्रीजला टेकून उभी होते. हा कागद तुला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तरी माझ्यासाठी सगळ्यात सोयीचा गेम आणि तुझा सगळ्यात लाडका गेम, दोन्ही तू गुपचूप बाजूला ठेवलेस, आणि मी विचारलं नसतं तर सांगितलंही नसतंस. आवडती गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा मोह मलाही आवरत नाही रे. पुस्तक म्हण, लोणचं म्हण, वैद्य म्हण. तुला कसा आवरला?

तर आभार. मनापासून. झाले मानून, आता पळ.

जाता जाता खेळाची खबर. मिन्स्क नावाचा लढवय्या माझ्या टोळीत आलाय. तू म्हणालास तसं, त्याच्या सोबतिणीला सोडवायला लगेच निघाले, चिडू दिलं नाही. त्याच्या सामानाच्या चौकटीत तो हॅम्स्टर असतो ना, बू? आई हल्ली रात्री उठली की कधी कधी माझ्या शेजारी येऊन बसते. परवा मी तिच्यापुढं मटार ठेवले सोलायला. सोलता सोलता स्क्रीनकडं बघून म्हणाली, ‘हा उंदीर कुणाचा?’ मी म्हटलं, त्या टकल्याचा. ‘पाळलाय?’ पाळलाय. ‘चावत नाही?’ त्याला नाही चावत. मग खूप हसली. काल पुन्हा विचारलं, ‘हा उंदीर कुणाचा?’ आणि पुन्हा तेवढंच हसली. बाकी रोज तेच तेच विचारते तेव्हा माझा जीव मेटाकुटीला येतो, पण उंदराचं रोज विचारलं तर चालेल असं वाटतं.

काल रात्री पुलाशी पोचले. पहारेकऱ्यानं पैसे मागितले, दिले. अर्ध्यात आले आणि आतून भांड्याचा आवाज आला. स्पेसबार दाबून गेले. दुधाचं पातेलं होतं, रिकामं. तिला झोपवलं, पाय चेपून दिले, परत आले तेव्हा पावणेतीन झाले होते. सहाही जण पुलावर पाय उचललेल्या अवस्थेत तसेच उभे होते.

आज रात्री शहरात जाते. आत गेल्यावर आधी कुठं जायचं ते कळव.

तुझी,
लिंबूटिंबू
कोथरूड, पुणे