हरणं सोडण्याच्या गोष्टीबद्दल दत्ताला

खानापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस, पुढच्या पत्रात आधी ते लिही.

"प्राणिसंग्रहालयांत हरणं मावेनात, मग ती भीमगड अभयारण्यात का सोडत नाहीत? वाघाचंही पोट भरेल," असं तू विचारलंयस. जांबोटीच्या टपरीवरही हेच ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडचण नात्यागोत्याची आहे रे. समज, कुंपणात एक दांडगा नर आणि वीस माद्या आहेत. डोकी एकवीस, पण सगळ्या पिल्लांचा बाप एकच. यासाठी साधं सूत्र आहे: नर गुणिले माद्या, त्याची चौपट, भागिले एकूण डोकी. मांडून बघ, ३.८ येतं. म्हणजे जनुकांच्या हिशेबात एवढा कळप चौघांइतकाही भरत नाही आणि दर पिढीला सुमारे १३ टक्के विविधता गळत जाते. दहा नर आणि दहा माद्या सारख्याच विणीला लागल्या, तर तोच आकडा २० होतो. आपल्याकडचा शेळ्या पाळणारा हे कुठं न शिकता जाणतो. ठरावीक काळानं तो बोकड बदलतो, नाहीतर बापच लेकींवर पडतो आणि करडं मरतुकडी निघतात.

म्हणून रानात सोडायच्या जनावरांची वंशावळीची वही ठेवतात. मूळ विविधतेतली ९० टक्के तरी १०० वर्षं टिकावी, असं उद्दिष्ट सहसा धरतात. जोडी लावताना देखणेपणाला काडीची किंमत नाही. ज्याचे नातलग कळपात सगळ्यांत कमी, त्याचा मान पहिला. वही नसली की काय होतं बघ: आपल्या देशात आशियाई म्हणून वाढवलेल्या कित्येक सिंहांत आफ्रिकी सिंहांचं रक्त मिसळलेलं निघालं. ते गीरमध्ये सोडणार कसे?

अमेरिकेत काळ्या पायांचा फेरेट म्हणून मुंगसासारखं एक जनावर आहे. शेवटचे उरलेले १८ पकडून पैदास केली, पण वंश पुढे गेला तो फक्त सातांचा. आजवर हजारोंनी जन्मलेले जवळजवळ सगळे त्या सातांचेच. विला नावाची मादी १९८८ मध्ये वंश न ठेवता मेली होती. तिच्या गोठवून ठेवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये क्लोन जन्माला घातला, निव्वळ हरवलेली जनुकं परत मिळावीत म्हणून. केवढा खटाटोप! सुरुवातीलाच दहा-बारा जास्त जगले असते, तर ही वेळ आली नसती.

दुसरी खोड कमी बोलली जाते. कुंपणात माणसाला न बुजणारं जनावर जास्त वितं, म्हणजे आपण नकळत धिटाईची निवड करत जातो. शेंगदाण्याला हाताशी येणारं चितळ रानात बिबट्यापुढे किती टिकेल? आसामातली छोटी रानडुकरं, पिग्मी हॉग, १९९६ मध्ये सहा पकडून वाढवली. २००८ पासून ती सोडू लागले, पण त्याआधी त्यांना गवताळ आवारात, माणसांपासून लांब ठेवतात. बंदिवासात पिढ्या जितक्या कमी, तितकं बरं.

बेळगावजवळच्या भूतरामनहट्टी प्राणिसंग्रहालयाचं तू वाचलं असशीलच. २०२५ च्या नोव्हेंबरात घटसर्पानं तिथली तीसेक काळविटं काही दिवसांत गेली. त्याचं खापर मी जनुकांवर फोडणार नाही. पण अख्खा ठेवा एकाच आवारात असला की एक रोग पुरतो, म्हणून असे कळप चार ठिकाणी वाटून ठेवायचे असतात.

आणि खरं सांगू? भीमगडाला चितळ आणून ओतायची गरजच मला पटत नाही. गवा, सांबर, भेकर तिथं आहेतच. काळी, भीमगड, तिळारी ही रानांची सलग पट्टी राहिली, तर नवा नर आपल्या पायानं येतो, त्याला पिंजरा लागत नाही न् सरकारी फाईलही. रस्ते आणि खाणी या पट्टीचे तुकडे पाडतात. तुमच्या मंडळाला निवेदन द्यायचंच असेल तर यावर द्या. मसुदा मी करून देतो.

मुलांना आशीर्वाद. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू