थेरॅनोसच्या अपिलाचं काय झालं

सॅन होजे

ती. आबा यांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, त्या थेरॅनोस या रक्त तपासणाऱ्या कंपनीवाल्या बाईच्या अपिलाचं शेवटी काय झालं. फोनवर घाईत सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहिते. तुमची हयात साताऱ्याच्या कोर्टात फौजदारी कामं चालवण्यात गेली, माझी नोकरी रक्त तपासणाऱ्या लॅबमधली. दोघांनाही आतून कळावी अशी ही केस आहे.

मूळ हकिकत तुम्हाला ठाऊकच आहे. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या करतो असं सांगून एलिझाबेथ होम्सनं गुंतवणूकदारांकडून कोट्यवधी डॉलर घेतले आणि यंत्राला ते जमत नव्हतं. खटला इथेच, आमच्या गावच्या फेडरल कोर्टात, न्यायाधीश एडवर्ड डाव्हिला यांच्यापुढे चालला. ३ जानेवारी २०२२ ला ज्युरीनं गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे ४ आरोप शाबीत धरले, ३ आरोपांवर एकमत झालं नाही, आणि रुग्णांच्या फसवणुकीच्या ४ आरोपांतून तिला सोडून दिलं. शिक्षा झाली सव्वाअकरा वर्षांची.

आता अपील. त्यातला मुख्य मुद्दा तुम्हाला आवडेल. किंगशुक दास हे कंपनीचे नंतरचे लॅब संचालक. त्यांनी कंपनीच्या एडिसन नावाच्या यंत्रावरचे २०१४ आणि २०१५ सालचे सगळे रिपोर्ट रद्द केले होते. सरकार पक्षानं त्यांना साधे साक्षीदार म्हणून उभं केलं, पण यंत्र रुग्णांसाठी योग्य नव्हतं हेही त्यांच्या तोंडून आलं. बचाव पक्षाचं म्हणणं असं, की हे तर तज्ज्ञाचं मत झालं, आणि तज्ज्ञ म्हणून त्यांची पारख कोर्टानं केलीच नाही. आपल्या जुन्या पुरावा कायद्यातलं तज्ज्ञाच्या मताचं कलम ४५ आठवा, भांडण त्याच जातीचं.

नवव्या सर्किटच्या, म्हणजे इथल्या फेडरल अपील कोर्टाच्या, तीन न्यायाधीशांनी २४ फेब्रुवारी २०२५ ला अपील फेटाळलं. साक्षीचा काही भाग तज्ज्ञाच्या मताकडे झुकला, हे त्यांनी मान्य केलं. पण तो भाग वगळूनही उरलेला पुरावा इतका भक्कम आहे, की निकाल बदलला नसता. म्हणजे तुमचं कलम १६७ च की! चुकीचा पुरावा आत आला एवढ्यावरून फेरखटला मिळत नाही.

मला हा निकाल पटला. आम्ही रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी यंत्रावर कंट्रोल लावतो. त्यातलं मूल्य आधीच माहीत असतं. ते हद्दीबाहेर गेलं की एकही रिपोर्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही. दास यांनी एडिसनच्या याच नोंदी पाहिल्या होत्या. आपल्याच लॅबच्या नोंदी वाचून संचालकानं काय केलं, हे सांगणं माझ्या लेखी घडलेल्या गोष्टीची साक्ष आहे. पण सीमारेषा कुठे ओढायची हे तुम्ही सांगा.

आणखी एक. आपल्याकडे साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीश आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात. इथे कोर्ट रिपोर्टर प्रश्न आणि उत्तर शब्दन्‌शब्द उतरवते. त्यामुळे मत नेमकं कुठल्या वाक्यात घुसलं यावर अपिलात वाद घालता येतो. कागद कोणालाही ऑनलाइन बघता येतात, पानाला १० सेंट.

फेरखटल्याच्या अर्जाची गोष्ट तर विलक्षणच. आधीचे लॅब संचालक ॲडम रोझेनडॉर्फ यांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ते अचानक तिच्या घरी गेले. साक्ष सांगून त्यांना पस्तावा होतोय असा अर्थ काढून बचाव पक्षानं अर्ज टाकला. ऑक्टोबरमध्ये डाव्हिलांनी त्यांना पुन्हा शपथेवर उभं केलं. तिचं मूल आईविना वाढेल याचं दुःख होतं, पण दिलेली साक्ष खरी आहे, असं त्यांनी सांगितलं. अर्ज फेटाळला गेला. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

सलते ती एकच गोष्ट. एका गरोदर बाईला त्यांच्या रिपोर्टवरून गर्भपात होतोय असं वाटलं. पुढे तिला धडधाकट मुलगी झाली. तिची साक्ष ज्युरीपुढे झाली, तरी त्या बाजूचे आरोप होम्सवर टिकले नाहीत. कंपनीतला तिचा भागीदार बलवानी, त्याच्यावर मात्र रुग्णांचेही आरोप शाबीत झाले, आणि अपिलात तेही कायम राहिले. सरकारी वकिलांनी हा भाग होम्सविरुद्ध आणखी नेटानं मांडायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

निकालपत्र छापून पाठवते आहे. समासात पेन्सिलीनं शेरे मारून ठेवा, दिवाळीत आले की वाचेन. तुम्ही बचावाचे वकील असतात तर दासांना पहिली हरकत कुठल्या प्रश्नाला घेतली असती, तेही लिहा. आईला नमस्कार. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
सुमी