साऊंडवाल्या आप्पांना, मनापासून थँक्यू

रामराम आप्पा,

तुम्ही स्वतः हे वाचाल का माहीत नाही, पण तुमचा पोरगा नक्की वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी पाण्याच्या टाकीवर बोलले. सगळ्या गावासमोर उभी राहून, माईक हातात घेऊन, आणि ग्रामसेवकांना उत्तर द्यावं लागलं. खाली बसले आणि पहिली आठवण तुमची आली. घरी सांगायला गेले तर रडूच आलं, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

महिला दिनाचा तो कार्यक्रम तुम्हाला आठवतो का? तुमचे सीझनमध्ये कितीतरी कार्यक्रम होत असतील, पण मी तो जन्मभर विसरणार नाही. आमच्या बचत गटाच्या बिबड्यांबद्दल, म्हणजे ज्वारीच्या पापडांबद्दल बोलायचं होतं, सगळं पाठ केलेलं, आणि नाव पुकारल्यावर पुढं गेले तर तोंड कोरडं पडलेलं, छाती धडधडतेय, हातातला कागद इतका थरथरत होता की त्याची फडफड भोंग्यातून ऐकू येत होती. दोन वाक्यं झाली आणि पुढचं काही आठवेचना. मागून कोणीतरी हसलं. स्टेजवर बसलेले एक साहेब म्हणाले, राहू द्या ताई, बसा, पुढचा सत्कार घेऊन टाकू.

तेवढ्यात मशीन सोडून तुम्ही वर आलात. खांद्यावर रुमाल, हातात टेस्टर. सरळ माईकची पिनच काढलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "वायरना प्रॉब्लेम शे, दोन मिनिट थांबा." मग लोकांकडे पाठ करून माझ्यासमोर असे उभे राहिलात की मी पूर्ण झाकली गेले, आणि ती वायर उगाच उलगडत हळूच म्हणालात, "पाणी पी माय. आधी श्वास सोड, मंग घे. मी शे ना."

खालून लोक तुमच्यावर ओरडत होते, कसला साऊंड लावलाय, याचे पैसे कापा. तुम्ही त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. वायर चांगली होती आप्पा. मला तेव्हाच कळलं होतं, पिन काढताना मी बघितलं होतं तुम्हाला. ज्याचं पोट साऊंडवर चालतं त्या माणसानं भरल्या मांडवात माझा साऊंड खराब आहे म्हणून सांगायचं, आणि ते कोणासाठी, तर ओळख ना पाळख अशा एका बाईची लाज राखायला! पिन परत लावलीत, मी कागद बाजूला ठेवला आणि ज्वारी किती दिवस भिजवायची इथून सुरू केलं, गल्लीतल्या बाईला सांगावं तसं, मध्येच अहिराणी, मध्येच मराठी. बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

तुम्हाला सांगते, शाळेत माझं नाव वक्तृत्व स्पर्धेतून खोडलं होतं. निबंध माझा चांगला होता, तरी सर वर्गासमोर म्हणाले, ही 'आहे' म्हणायच्या जागी 'शे शे' करते, गावठी भाषा आहे, शाळेचं नाव घालवेल. आणि तेच सर आम्हाला बहिणाबाईंची कविता शिकवायचे! ज्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं, जी आपल्या खान्देशी बोलीत बोलली, जिचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिलं, तिची कविता परीक्षेला चालते आणि आमच्या तोंडातली बोली चालत नाही, हे मला आजही पटत नाही. अजूनही राग येतो. पुढं एक क्लासही लावून बघितला, फी भरून. तिथं इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली आणि आरशासमोर बोला म्हणून सांगितलं. हात का कापतात, तोंड का कोरडं पडतं हे कोणी बोललंच नाही.

ते तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी सामान आवरताना म्हणालात की मशीनवर बसलं की मोठमोठ्या पुढाऱ्यांचा श्वास ऐकू येतो, पहिल्या मिनिटाला सगळ्यांचाच चढलेला असतो, मग बसतो. किती वर्षं मला वाटायचं की हे फक्त मलाच होतं. अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन झालं तेव्हाही मी मागं बसून ऐकत होते आणि वाटायचं, ही माणसंच वेगळी असतात, आपलं काम नाही ते. तुमच्या त्या एका वाक्यानं मनावरचं किती ओझं उतरलं म्हणून सांगू.

नंतर तुम्ही जवळपास कुठं मंडप लागला की निरोप धाडायचा, ये, माईक चेक कर. रिकाम्या खुर्च्यांसमोर मला बोलू दिलंत. माईक तोंडापासून चार बोटं लांब धर, लांबच्या भोंग्यातून आपलाच आवाज उशिरा परत येतो त्याच्या नादी लागू नको, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला सांगतेय असं बोल. एक रुपया घेतला नाहीत. कधी कोणाला सांगितलंही नाहीत की हिला मी शिकवलं. स्टेजवर शाल-नारळ घेणारे किती येऊन गेले, त्यांची नावं कार्यक्रम पत्रिकेत असतात. साऊंडवाल्याचं नाव कोणी छापत नाही, आवाज शिटी मारायला लागला की तेवढी शिवी मात्र त्याला पडते. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्या बायांची तोंडं उघडतात, हे मी चारचौघांत सांगणार आणि सांगतच राहणार.

यंदा ८ मार्चला आमच्या गटाचाच कार्यक्रम आहे. साऊंड तुमचाच ठरवलाय, आणि आप्पांशी भाव करायचा नाही असं सगळ्या बायांना बजावून ठेवलंय. त्या दिवशी लग्नाची ऑर्डर आली तरी घेऊ नका. काकूंना घेऊन सकाळीच या, भरीत आणि कळण्याची भाकरी करते. पत्रिकेत तुमचं नाव टाकायचंय, पूर्ण नाव तेवढं पोराकडून कळवा.

तुमची,
बिबड्यावाली ताई