चार्ज देताना स्क्रीन रेकॉर्डिंग कसं करावं

परभणी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या टेबलावर नवीन माणूस येणार. हजेरीपत्रक, आवक-जावक, बिलांची एंट्री असा सगळा चार्ज त्याला द्यायचाय, तर स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवावं हा तुझा विचार चांगला आहे. फक्त तासाभराचं एकच रेकॉर्डिंग करू नकोस, ते कुणी बघत नाही. एका कामाचा एक तुकडा कर, तीन-चार मिनिटांचा. तू ज्या सरकारी वेबसाइटवर, म्हणजे पोर्टलवर, काम करतोस त्यांनी उद्या एखादं बटण हलवलं तर तेवढाच तुकडा नव्याने करता येतो. तासाभराचा व्हिडिओ एका बटणापायी अख्खा शिळा होतो.

कॉम्प्युटरवर विंडोज 11 असेल तर वेगळं काही टाकायची गरज नाही. विंडोज, शिफ्ट आणि आर एकदम दाबलं की स्निपिंग टूल उघडतं. माउसने चौकट आखायची आणि स्टार्ट दाबायचं. चौकट पूर्ण स्क्रीनची आख, कारण चौकटीबाहेर उघडलेली विंडो टिपलीच जात नाही. सुरू करण्याआधी माइकच्या चिन्हावर काट आहे का तेवढं बघ. मुकं रेकॉर्डिंग होण्याचं हेच नेहमीचं कारण. फाईल व्हिडिओजमधल्या स्क्रीन रेकॉर्डिंग्ज फोल्डरात जाते.

विंडोज 10 मध्ये ही सोय नाही. तिथे लोक विंडोज-जी दाबून गेम बार, म्हणजे विंडोजमधलाच खेळांसाठीचा रेकॉर्डर, काढतात आणि फसतात. तो एकाच प्रोग्रामची विंडो टिपतो. तू एक्सेलवरून पोर्टलवर गेलास तरी रेकॉर्डिंगमध्ये एक्सेलच दिसत राहतं. डेस्कटॉप आणि फाईल एक्सप्लोरर तर तो टिपतच नाही, आणि आपलं निम्मं काम फाईल कुठून उचलून कुठे ठेवायची हेच असतं. अशा मशीनवर ओबीएस स्टुडिओ हा स्क्रीन रेकॉर्ड करायचा प्रोग्राम टाक. फुकट आहे. त्यात डिस्प्ले कॅप्चर जोडायचं, म्हणजे अख्खी स्क्रीन टिपली जाते. लॅपटॉपवर नुसता काळा पडदा आला तर घाबरू नकोस. दोन ग्राफिक्स कार्डांचा तो घोळ असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खाली ग्राफिक्स आहे, तिथे ओबीएस निवडून पॉवर सेव्हिंग कर आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघड.

ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये बेस आणि आउटपुट रिझोल्यूशन सारखंच ठेव. स्क्रीन 1366 बाय 768 ची असेल तर दोन्हीकडे तेच. आकडा बदलला की अक्षरं फुटतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 15 पुरे, आपण काही क्रिकेटची मॅच दाखवत नाही. त्याऐवजी ब्राउझर आणि एक्सेल 125 टक्के झूम करून ठेव, म्हणजे मोबाईलवर बघणाऱ्यालाही सेलमधला आकडा वाचता येईल.

लाइटीचं तुला सांगायला नको. एमपी4 फाईलची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली आणि यूपीएस नसला तर ती फाईल उघडतच नाही, केलेलं सगळं पाण्यात. म्हणून ओबीएसमध्ये आउटपुट सेटिंगला जाऊन फॉरमॅट एमकेव्ही ठेव. वीज गेली तरी तिथपर्यंतचं शाबूत राहतं. नंतर फाईल मेनूतल्या रीमक्स रेकॉर्डिंग्जने त्याची एमपी4 करून घे, काही सेकंदांचं काम आहे.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. हजेरीपत्रकाची खरी फाईल उघडून रेकॉर्ड करू नकोस. तिची कॉपी काढ. नावांच्या रकान्यात कर्मचारी 1, कर्मचारी 2 असं भर, खाते क्रमांक आणि आधारच्या रकान्यात नुसते शून्य. सूत्रं तशीच राहू दे, शिकवायची तीच आहेत. नंतर एडिटिंगमध्ये आकडे पुसट करू म्हणशील, पण शीट खाली-वर सरकली की झाकलेला आकडा उघडा पडतो. त्यापेक्षा खोट्या आकड्यांवर पुन्हा रेकॉर्ड केलेलं बरं.

पोर्टलसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल उघड. नाहीतर मोबाईल नंबराच्या रकान्यात क्लिक करताच आधी भरलेले साहेबांचे आणि पुरवठादारांचे नंबर खाली लटकतात. विंडोज-व्ही तर रेकॉर्डिंग चालू असताना दाबूच नकोस. आधी कॉपी केलेलं सगळं त्या यादीत दिसतं, पासवर्डसुद्धा. व्हॉट्सअॅप वेब बंद कर, आणि विंडोज 11 वर विंडोज-एन दाबून डू नॉट डिस्टर्ब लाव. लॉगिन, ओटीपी आणि डिजिटल सहीचा पिन आला की पॉज. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात खरे, पण शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर चुकून क्लिक होतंच.

आवाजासाठी इअरफोनचा माइक वापर. लॅपटॉपचा माइक आधी कूलर ऐकतो, मग पंखा, मग कीबोर्ड, आणि तुला शेवटी. मे महिन्यात कूलर बंद करायचं जिवावर येतं, पण तुकडा तीन मिनिटांचाच आहे. आधी 15 सेकंदांची चाचणी घेऊन ऐक. ओबीएसच्या मीटरवर बोलताना पट्टी पिवळ्यात खेळली पाहिजे, लाल झाली तर आवाज फाटतो. बोलताना 'इथे क्लिक करा' म्हणू नकोस, 'वर उजवीकडचं सबमिट दाबा' असं म्हण. आणि का दाबायचं तेही सांग. ड्राफ्ट सेव्ह न करता पुढे गेलं तर काय होतं, पावतीचा क्रमांक कुठल्या रजिस्टरला चढवायचा, हे स्क्रीनवर दिसत नाही. नवा माणूस तिथेच अडतो.

पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलास तर तो दाबला जातो आणि अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठव. जीमेलला 25 एमबीची मर्यादा आहे. 1500 केबीपीएसने (सेकंदाला 1500 किलोबिट) रेकॉर्ड केलं तर मिनिटाला साधारण 11 ते 12 एमबी होतात, म्हणजे तीन मिनिटांतच मर्यादा ओलांडली. ड्राइव्हवर ठेवून लिंक दे, पण लिंक असलेल्या कुणालाही उघडेल असं नको, ज्यांना बघायचंय त्यांचेच ईमेल टाक.

मीटिंगचं वेगळं. झूम किंवा मीटमधलं रेकॉर्डिंग सुरू केलं की सगळ्यांना सूचना दिसते. आपल्या कॉम्प्युटरवरचा रेकॉर्डर कुणाला काहीच सांगत नाही, म्हणून तिथे साहेबांना आणि हजर असलेल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

प्रत्येक तुकड्याबरोबर अर्ध्या पानाची लेखी टिपणी जोड: पायऱ्या, कागदपत्रं, शेवटची तारीख. व्हिडिओत शोधता येत नाही, टिपणीत येतं. फाईलचं नाव वर्ष, महिना, काम अशा क्रमाने दे, 2025-06-हजेरीपत्रक-1 असं, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते. एखादा तुकडा नव्याने केलास तर जुना त्याच फोल्डरात ठेवू नकोस, काढूनच टाक. माणूस आधी दिसेल ती फाईल उघडतो.

तुझी,
आई