ड्रॉप चौकात नको, दारात हवा

स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला रात्रपाळीच्या मुलींवरचा लेख वाचला आणि चहा तसाच गार झाला. त्यात म्हणे, हातात पैसा आला की मुली बिघडतात, मॉल काय, पार्ट्या काय. लिहिणाऱ्यांनी अशी एक मुलगी पहाटे घरी येताना बघितलीये का हो?

माझी मुलगी बीकॉम आहे. खराडीला कॉल सेंटरमधे तीन वर्षं झाली, अमेरिकेची व्हॉइस प्रोसेस, म्हणजे तिकडच्या ग्राहकांशी रात्रभर फोनवर बोलायचं. हातात २२ हजार येतात, त्यातून धाकट्याच्या डिप्लोमाची फी आणि माझ्या बीपीच्या गोळ्या. रात्रभर शिव्या ऐकायच्या आणि आवाज गोड ठेवायचा, बाथरूमला गेली तरी मिनिटं मोजतात. तिला क्वालिटीत, म्हणजे इतरांचे कॉल तपासायच्या कामात जायचंय, दोनदा इंटरव्ह्यू दिला, नंबर लागला नाही, तिसऱ्यांदा देणारे. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की इकडे हिची शिफ्ट तासभर पुढे, म्हणजे नेमकी थंडीतच यायला आणखी उशीर.

पण माझं खरं दुखणं ड्रॉपचं, म्हणजे कंपनीच्या कॅबने घरी सोडण्याचं आहे. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलंय की रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत गाडी हवी. दारापर्यंत, चौकापर्यंत नाही. गेल्या जुलैत धो धो पाऊस, पहाटेचे पावणेचार, ड्रायव्हर म्हणाला गल्लीत गाडी वळत नाही, इथेच उतरा मॅडम. गाडीतला गार्ड त्या दिवशी आलाच नव्हता आणि शेवटचा ड्रॉप हिचाच. कुत्री मागे लागली, मी गॅलरीतून बघतेय, मी जिना उतरून पोचेपर्यंत ही चिखलात पडलेली, गुडघा फुटलेला, आणि मलाच म्हणते आई ओरडू नकोस, लोक जागे होतील. शेजारी काय म्हणतील याची धास्ती तिला कुत्र्यांपेक्षा जास्त. टीएलला, म्हणजे तिच्या टीम लीडरला सांगितलं तर म्हणे ट्रान्सपोर्टला मेल टाक. टाकला, उत्तर नाही, आणि पुढच्या आठवड्याच्या रोस्टरमधे परत हिचाच ड्रॉप शेवटचा.

२००७ मधे गहुंज्याला काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. ती मुलगी पण कामावर जायला कंपनीच्याच कॅबमधे बसली होती, आणि ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने तिच्यावर बलात्कार करून तिला मारून टाकलं. त्या दोघांची फाशी २०१९ मधे हायकोर्टाने रद्द केली, का तर अंमलबजावणीला उशीर झाला, ३५ वर्षांची जन्मठेप दिली. माझी लेक तेव्हा कॉलेजात होती तरी मी ती बातमी वाचून रडले होते. आता तर रोज कॅबचा हॉर्न ऐकू येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. याच्यावर लिहा ना तुम्ही पानभर.

आणि आमच्या चौकातला दिवा गणपतीपासून बंद आहे, अर्ज करून थकले, ते पण छापा.

परत या मुलींवर लिहायचं झालं तर आधी त्यांना फोन करून विचारा, पण दुपारी दोननंतर, तोवर झोपलेल्या असतात.

एक आई, पुणे