दोराबरोबर सोडलेल्या चिंध्या

चि. रूथ हीस,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर बोलता बोलता तू मध्येच गप्प झालीस, ते मनातून जात नाही. कॉटचा कठडा लावायचा राहिला, पेशंट पडला आणि ठपका आला आयामावशींवर. कठडा त्यांनी खाली केलेला नव्हता, हे तू डोळ्यांनी पाहिलं होतंस. तरी मेट्रननी विचारलं तेव्हा सगळ्या खाली मान घालून उभ्या राहिल्या, आणि तूही. "पप्पा, मला नोकरीला लागून चार महिने झालेत, माझं कोण ऐकणार?" असं म्हणालीस. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. रात्री जेवण झाल्यावर बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढून बसलो. अडतिसावा अध्याय.

त्यात एक माणूस आहे, एबद-मलेख. संडे स्कूलमध्ये तुम्हाला दावीद, दानीएल, एस्तेर शिकवले. हा राहून गेला. राहून जावा असा तो नाही.

यरुशलेमला खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. शहरातली भाकर संपत आली होती. अशा वेळी यिर्मया सांगत होता, शहरात राहाल तर तलवारीने, उपासमारीने, मरीने मराल. बाहेर जाऊन शरण जाल तर जगाल. देवाने दिलेलं वचन त्याने जसंच्या तसं सांगितलं. सरदार चिडले. हा सैनिकांचे हातपाय गाळतोय, याला मारा, म्हणाले. सिद्कीया राजाने काय केलं? तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे माझं काही चालत नाही, असं म्हणून मोकळा झाला. मग त्यांनी यिर्मयाला दोरांनी पहारेकऱ्यांच्या चौकातल्या टाक्यात सोडलं. तिकडची ही टाकी खडकात खोदलेली असत, पावसाचं पाणी साठवायला. वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. याच्यात पाणी नव्हतं, नुसता चिखल होता. यिर्मया त्यात रुतला.

एबद-मलेख कूश देशाचा, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडचा, आजच्या सुदानाच्या बाजूचा. परका माणूस, राजवाड्यातला षंढ नोकर. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'राजाचा चाकर'. आईने ठेवलेलं नाव दुसरंच असेल, असं मला नेहमी वाटतं. राजा त्या वेळी बन्यामीन वेशीत बसला होता. वेस म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची जागा, चारचौघांतली. राजा वाड्यात परतेपर्यंत, एकटा सापडेपर्यंत हा थांबला नाही. उठून वेशीत गेला आणि म्हणाला, महाराज, या माणसांनी यिर्मयाशी वाईट वर्तन केलं आहे. तो तिथे उपाशी मरेल. एवढंच. लांबण लावली नाही आणि गुळमुळीतही बोलला नाही. आणि सरदारांपुढे ज्याचं काही चालत नव्हतं, त्याच राजाने याला तीस माणसं दिली आणि यिर्मयाला काढायला सांगितलं.

पुढचं वाचताना मात्र मी दर वेळी थांबतो. तो आधी गेला राजवाड्यात, भांडाराखालच्या खोलीत. तिथून जुनी फडकी आणि फाटक्या चिंध्या घेतल्या. दोराबरोबर त्या खाली सोडल्या आणि वरून ओरडून सांगितलं, या काखेत धर आणि त्यांच्यावरून दोर घे.

बाळा, दोर काखेत कसा रुततो ते मी पाहिलंय. १९७२च्या दुष्काळात आमच्या विहिरीतला गाळ काढत होते. काकांना खाली घेरी आली. घाईघाईत काखेतून दोर घालून वर ओढलं. काका वाचले, पण दोन्ही काखांचं कातडं सोलून निघालं होतं. आजी कितीतरी दिवस हळद-तेल लावत होती, आणि तिने हात लावला की ते दात आवळून घ्यायचे. त्या गडबडीत एक धोतर फाडून खाली टाकावं, हे कुणाला सुचलं नाही. एबद-मलेखला वेढा पडलेल्या शहरात, जिवाची भीती असताना सुचलं. आणि त्या चिंध्या कुठल्या खोलीत पडल्यात, हे चाकरालाच ठाऊक असणार. सरदाराला भांडार ठाऊक. त्याच्याखाली काय टाकलंय ते बघायला तो कधी गेला असेल? आजी हंड्याखाली चुंबळ कशी नेमकी बसवायची! ज्याच्या डोक्यावर ओझं आलंय त्यालाच ते कळतं.

तुलाही कळतं. आजी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या टाचांखाली तिच्याच जुन्या लुगड्याच्या घड्या करून तू ठेवायचीस, तेव्हा तुझं शिक्षणही पुरं झालं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं तुला.

आता घाबरण्याचं. एकोणचाळिसाव्या अध्यायात देव यिर्मयाच्या हाती एबद-मलेखला निरोप पाठवतो, की तू ज्यांना भितोस त्यांच्या हाती तुला जाऊ देणार नाही, कारण तू माझ्यावर भाव ठेवलास. भितोस, असं स्पष्ट आहे तिथे. म्हणजे तो घाबरलेलाच होता, वेशीत चालत गेला तेव्हाही. त्याच्या जाण्याने सगळं सुधारलं असंही नाही. यिर्मया टाक्यातून निघाला तरी चौकात कैदेतच राहिला, आणि इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडलंच. पण यिर्मया चिखलात मेला नाही.

मी तुला रागावलेलो नाही. त्या दिवशी तू बोलली नाहीस, पण मावशींना मेमो मिळालाय आणि चौकशी अजून चालू आहे, असं तूच सांगितलंस. सोमवारी मेट्रनकडे जा. पाहिलंस तेवढंच सांग, वर काही चढवू नकोस, कुणाला वाचवायला काही गाळूही नकोस. तुला महिनाभर नाइट लावतील, कदाचित काही जणी बोलायच्या बंद होतील. होऊ दे. आणि त्याच्या आधी मावशींकडे जाऊन ये. त्यांनी मेमो घरी सांगितलाय का, रात्री झोप लागते का, ते विचार. मेट्रनला काय सांगणार आहेस तेही त्यांना आधी सांग, म्हणजे त्यांना बाहेरून कळायला नको.

मम्मीने चिवड्याचे दोन डबे दिलेत, उद्याच्या एसटीने येतील. निळ्या झाकणाचा मावशींचा.

तुझे
पप्पा